मोकलकाकांच्या वीस होड्या

मोकलकाका कुणाच्याही घरी गेले की आधी बाहेर पडायचा रस्ता विचारतात.

"मागचा दरवाजा कुठाय?" चपला काढता काढता पहिला प्रश्न हा. पाणी नंतर, चहा नंतर, तुम्ही कसे आहात तेही नंतर. रोह्यात त्यांना ओळखणारी माणसं सवयीने बोट दाखवतात, "हा काय, न्हाणीघराशेजारी." नवीन माणूस मात्र बावचळतो. पाहुणा अजून बसलाही नाही आणि पळायची वाट विचारतोय, म्हणजे काय?

काकांनी तीस वर्षं एका केमिकल कंपनीत सेफ्टीचं काम केलं. कुठे गळतंय, कुठे तापतंय, कोण हातमोजे न घालता काम करतोय, हे बघत फिरायचं. रिटायर झाल्यावर कंपनीने त्यांना शाल, श्रीफळ आणि घड्याळ देऊन घरी पाठवलं. पण नजर काही कंपनीने काढून घेतली नाही. ती घेऊन काका गावभर फिरायला लागले.

एकदा पेणला एका लग्नात आम्ही बरोबर होतो. हॉलच्या मागच्या दरवाजाला कुलूप आणि त्याच्यापुढे छपरापर्यंत रचलेल्या खुर्च्या. मुहूर्ताला दहा मिनिटं होती. काकांनी मॅनेजरला गाठलं आणि सांगितलं, "हे उघडल्याशिवाय मी आत बसणार नाय." आणि खरंच बाहेर जाऊन उभे राहिले. मुलीच्या मामाला वाटलं, वरपक्षाकडचं कुणी मोठं माणूस मानपानावरून रुसलं. बिचारा टॉवेल, टोपी, नारळ घेऊन धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "काय चुकलं असेल तर पोटात घाला." काकांनी नारळ घेतला, तोंड तसंच गंभीर ठेवलं आणि म्हणाले, "दरवाजा उघडा ठेवा. बाकी माझं काही म्हणणं नाय." खुर्च्या हलवल्या, कुलूप उघडलं, मगच मंगलाष्टका झाल्या.

त्यांच्याजवळ एक निळ्या पुठ्ठ्याची वही असते. तिच्यात ते 'नियर मिस' लिहितात. नियर मिस म्हणजे अपघात झाला नाही, पण होता होता राहिला. कंपनीत अशी नोंद ठेवायची पद्धत. काकांनी ती आमच्या आळीला लावली. 'जोश्यांच्या सत्यनारायणाला गुरुजींचं उपरणं निरांजनापासून चार बोटांवर. नियर मिस.' 'गुरवांचा नारळ माझ्या डाव्या बाजूला पडला. मी उजव्या बाजूला होतो. नियर मिस.' त्यानंतर महिनाभर ते गुरवांच्या दारावरून कंपनीचं पिवळं हेल्मेट घालून जात. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसा. घाई करणाऱ्याला आणि हसणाऱ्याला दवाखाना जवळ."

तर असे हे काका एका सकाळी माझ्या दुकानात आले.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाऊज, फॉल-बिडिंग, शाळेचे गणवेश. सात बाय दहाची जागा. काकांनी आत येऊन चारी भिंती बघितल्या.

"शैला, दुकानाला एकच दरवाजा हाय."

"काका, दुसरा केला तर मी बसू कुठे?"

त्यांनी थोडा विचार केला आणि उंबऱ्याला लागून असलेलं स्टूल धरलं. पुढचे पाच महिने ते त्यांचं स्टूल झालं. मग पिशवीतून त्यांनी कागदांची गुंडाळी काढली आणि काउंटरवर सरळ केली.

"मला हे शिकायचंय."

कागदावर होडीचं चित्र होतं. रंगीत नाही, नुसत्या रेघा. खाली होडीचं बूड, वर दोन शिडं, आजूबाजूला आकाश-पाणी, आणि प्रत्येक तुकड्यात आकडा. एक, दोन, तीन, असे अकरापर्यंत. काकांची मुलगी सुनीता कॅनडात असते. तिकडे बायका कागदावर कापड शिवून गोधड्या करतात म्हणे. तिने मोबाइलवर नमुने पाठवले होते आणि काकांनी ते झेरॉक्सच्या दुकानात जाऊन छापून आणले होते. एक नाही, पंचवीस प्रती.

"फाउंडेशन पेपर पिसिंग," काका एकेक शब्द तोलत म्हणाले. "कागद म्हणजे फाउंडेशन. पाया. त्याच्यावर आकड्यांच्या क्रमाने कापड जोडायचं. क्रम चुकला की संपलं. मला पद्धत आवडली."

मला नाही आवडली. बावीस वर्षं मशीन चालवतेय, कागदावर कधी टीप मारली नाही. कागदाने सुई बोथट होते. आणि गोधडी काय शिकायची गोष्ट आहे? जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर दुसरं घालायचं, धावदोरा घालत सुटायचं. पण काकांचा चेहरा असा होता की नाही म्हणवेना. शिवाय उत्सुकताही होतीच.

"कुणासाठी करताय?"

"घरात लागते," ते म्हणाले आणि विषय संपला.

घरात दोनच माणसं, काका आणि इंदूकाकू. काकू मूळच्या पेणच्या खाडीकडच्या. त्यांच्या हातच्या पोह्याच्या पापडांवर आमच्या अर्ध्या आळीचं जेवण चालायचं. डोक्यावर डबा घेऊन यायच्या आणि कोपऱ्यावरूनच हाक मारायच्या, "शैले गो, हायस का?" हसल्या की समोरचा मेडिकलवाला मान वर करून बघायचा. त्याआधीच्या काही महिन्यांत मात्र त्या दिसल्या नव्हत्या. पापडही बंद झाले होते. विचारलं की काका म्हणायचे, "आराम करते. लय पापड लाटले."

आमचा क्लास सुरू झाला. वेळ अकरा ते बारा. मास्तरीण मी, आणि मलाच काही येत नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, त्यातली गोरी बाई भराभर काहीतरी करायची, काका तिला थांबवायचे. "घाई करते ही बाई."

या कामातली मुख्य भानगड अशी की सगळं उलटं असतं. रेघ कागदाच्या वरच्या बाजूला, कापड खालच्या बाजूला. म्हणजे शिवताना कापड दिसतच नाही. पहिला तुकडा कागदाखाली उजेडात धरून बसवायचा, दुसरा त्याच्यावर पालथा घालायचा, मग कागद वर करून एक आणि दोनच्या मधल्या रेघेवर टीप मारायची. मग दुसरा तुकडा उलटून नखाने दाबायचा, पाव इंच मार्जिन ठेवून बाकीचं कापायचं. मग तीन. सांगायला सोपं आहे. काकांनी पहिली टीप मारली, मान डोलावली, तुकडा उलटला, आणि तो निम्म्या जागेवरही पोचला नाही. शिडाला खिडकी पडली.

काकांनी वही काढली. 'घटना: तुकडा क्रमांक दोन अपुरा. कारण: आधी उलटून बघितला नाही. उपाय: टाचणी लावून आधी उलटून बघणे.'

दुसऱ्या दिवशी टाचणी लावून बघितलं, तुकडा पुरला, पण कापडाची उलटी बाजू वर आली. तिसऱ्या दिवशी कापताना कात्री कागदाबरोबर आधीच शिवलेल्या बुडातूनही गेली. चौथ्या दिवशी एक अख्खी होडी झाली. रेघा अशा सरळ की मी बावीस वर्षांत मारल्या नसतील. काका खूश झाले. होडी पालथी करून बघितली आणि त्यांचा चेहरा पडला.

"ही भलतीकडे तोंड करून चाललीय."

कागदावर मोठं शीड उजवीकडे होतं, कापडावर डावीकडे आलं होतं. आरशात दिसावं तसं. मी म्हटलं, "कागदाच्या मागे शिवलं की उलटंच येणार. होडी होडीच आहे ना?" काकांना ते पटायला दोन दिवस लागले. शेवटी वहीत लिहिलं, 'सर्व होड्या एकाच दिशेने जाणार असल्याने टक्कर होण्याचा संभव नाही.' आणि सही केली.

आता शेवटची पायरी, कागद फाडणं. होडी पूर्ण झाली की मागचा कागद तुकड्यातुकड्याने काढून टाकायचा. टाका बारीक ठेवला असला की कागद पोस्टाच्या तिकिटासारखा रेघेवर सुटतो. काकांनी पहिल्या होडीला टाका मोठा ठेवला होता. त्यांनी कागद ओढला आणि शीड बुडापासून वेगळं झालं. चार दिवसांचं काम हातात दोन तुकडे होऊन आलं. त्या दिवशी त्यांनी वही काढली नाही. मी चहा मागवला.

"मास्तरीणबाई," जरा वेळाने ते म्हणाले, "फाडायचं शेवटी एकदम बघू. सगळ्या झाल्यावर."

मी म्हटलं बरं. आणि तेव्हापासून मनाशी धरून चालले की माणूस कागद फाडायला घाबरतो.

रोज बारा वाजायला पाच मिनिटं कमी असताना काका उठायचे. अर्धी टीप राहिलेली असो, सुई कापडात असो. भोंगा झाल्यासारखे उठायचे आणि सरळ घरी. मला वाटायचं, कंपनीची सवय. त्यांच्या सगळ्याच गोष्टींना माझ्याकडे ते एकच उत्तर होतं. फाटकाला त्यांनी पितळेची घंटा बांधली, मी म्हटलं सेफ्टी. दाराची कडी काढून पार वर, चौकटीला लावली, मी म्हटलं सेफ्टी. एकदा काकूंचे सहा ब्लाऊज घेऊन आले आणि म्हणाले, सगळे हुक काढून टिचबटणं लावा. "हुक टोचतात," म्हणाले. मी हसले आणि लावून दिली.

कापडं मात्र छान आणायचे. काकूंच्या जुन्या सुती साड्यांचे तुकडे, रोज नीट निवडलेले. पाण्याला हिरवट, आभाळाला फिकट, शिडाला एकदम लालभडक. मी एकदा म्हटलं, "काका, तुमची रंगाची नजर चांगली आहे हो." तर म्हणाले, "माझी नाय. इंदू काढून देते."

पाच महिन्यांनी वीस होड्या झाल्या. चार आडव्या, पाच उभ्या, आम्ही जोडल्या. काका ते सगळं घडी करून माझ्याकडे देताना म्हणाले, "आता ह्याला खाली अस्तर लावा. मध्ये जाड काय घालू नका. आणि मागचं काढू नका."

मी हो म्हटलं. ते गेल्यावर गोधडीची पाठ बघितली. वीस कागद, सगळे जिथल्या तिथे. मला गहिवरून आलं. म्हटलं, पहिल्या दिवशीची ती होडी माणसाच्या अजून मनात आहे. आता टाका किती बारीक पडतो त्यांचा, काही उसवणार नाही, पण धीर होत नाही. आपण मास्तरीण ना? मग आपणच काढावेत. आणि खरं सांगायचं तर कागदासकट अस्तर लावून गोधडी माझ्या दुकानातून बाहेर गेली असती, तर मला लाज वाटली असती.

अख्खा रविवार मी घरी बसून कागद काढले. मोठे हाताने, बारीक चिमट्याने. एक टाका उसवला नाही. मग अस्तर लावलं, कडेने लाल पट्टी मारली, इस्त्री केली. सावरीच्या कापसासारखी हलकी गोधडी झाली.

सोमवारी काका आले. मी ती त्यांच्या हातात दिली आणि तोंडाकडे बघत उभी राहिले.

त्यांनी गोधडी उलगडली. हातात चुरगाळली. कानाजवळ नेऊन हलवली. मला वाटलं, हा काय आता नवीन प्रकार. मग हळूच विचारलं, "कागद?"

"काढले सगळे! तुम्ही घाबरत होतात ना? एक टाका उसवला नाही, बघा."

काका गोधडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "छान केलंय. लय निगुतीने केलंय." घडी घातली आणि गेले. साडेअकरालाच.

मला राग आला. रविवारभर बोटं सोलवटून घेतली, त्याचं एवढंच? दिवसभर मी मशीनवर राग काढला.

गुरुवारी दुपारी दीडच्या सुमाराला मी डबा उघडत होते. काका दारात आले. पायात दोन वेगवेगळ्या चपला, शर्टाची बटणं खालीवर.

"शैला, इंदू इकडं आली काय?"

"काकू? नाही. काय झालं?"

"माझा डोळा लागला," ते म्हणाले. "दहा मिनिटं. दहाच मिनिटं गो."

मी शटर ओढलं. त्यांनी स्कूटर आणली होती. मी मागे बसले आणि आम्ही स्टेशनवर गेलो. वाटेत माझ्या लक्षात आलं, दोघांपैकी कुणाच्याच डोक्यावर हेल्मेट नाही.

पॅसेंजर निघून गेली होती. फलाटावरच्या चहावाल्याने काकांना बघताच सांगितलं, "गेल्या त्या. आज मी गिऱ्हाइकात होतो काका, गाडी हलल्यावर दिसल्या." म्हणजे चहावाल्याला माहीत होतं. मला नव्हतं.

काकांनी खिशातून मोबाइल काढला आणि एक नंबर लावला. "कासू टेशन का? हां, मी मोकल. रोह्याहून. व्हय, परत. लाल साडी असंल, नायतर हिरवी. उतरली की बसवून ठेवा, पाया पडतो."

आम्ही रिक्षा केली. रोह्याहून नागोठण्यावरून कासू म्हणजे तासाभराचा रस्ता. पहिली पंधरा मिनिटं काका रस्त्याकडे बघत होते. मग आपणहून बोलायला लागले.

"वर्ष झालं. आधी मीठ दोनदा घालायची. मग पापडाच्या पिठात साखर घातली. मग एक दिवस मला म्हणाली, तुम्ही बसा, माझे मालक येतील इतक्यात."

मी रिक्षाचा दांडा धरून त्यांच्याकडे वळले.

"डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या. सुनीताने ते नमुने धाडले. त्यातल्या होडीवर हिने बोट ठेवलं. बापाची होडी होती ना हिच्या, मिठागराकडं. म्हटलं चला, करू या. तिला सुई धरवत नाय, पण रंग बरोबर काढून देते. एकदा चुकत नाय."

"मग त्या बाहेर...?"

"माहेरी जाते. दुपारी जेवून झोपते, उठते, आणि पेणच्या गाडीला जाते. माहेरी आता कोण हाय? घरपण नाय. आणि पेण समजून उतरते कासूला. आधीच्या तिन्ही वेळा कासूलाच." ते जरा हसले. "नशीब म्हणायचं. पेणच्या गर्दीत कुठं शोधली असती?"

अकरा ते बारा त्यांच्याकडे धुण्याभांड्याची बाई असते, हे तेव्हा मला कळलं. बाराला ती जाते. बाकीचे तेवीस तास काका जागे.

"पहिल्या सहा होड्या जोडल्या, आठवतं? घरी नेल्या होत्या इंदूला दाखवायला. तशाच तिच्या अंगावर घातल्या. दुपारी बसल्या बसल्या माझा डोळा लागला. ही उठली आणि कागद वाजला. करकर. मी ताडकन जागा. घंटेचा काय उपयोग, घंटा फाटकावर. तोवर ही रस्त्यावर. कागद खाटेवर वाजतो." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "वर्षात पयल्यांदा मला झोप लागायला लागली, शैला."

मला रिक्षातून खाली उतरून कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं.

"मग सोमवारी बोललात का नाही? शिव्या तरी द्यायच्या."

"तुम्ही इतकं मन लावून काढले होते. आणि कागद का पाहिजे सांगायचं, तर सगळंच सांगावं लागलं असतं. लोकं बघायला येतात गो. मदतीला नाय, बघायला. इंदूला तसं बघायला आलेलं नाय आवडायचं."

कासूच्या फलाटावर काकू बाकावर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, केस नीट विंचरलेले, हातात कुणीतरी दिलेला चहा. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई गाडीची वाट बघतेय, एवढंच. काका धावत गेले आणि त्यांच्यासमोर जाऊन एकदम थांबले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि ओळखीचं हसल्या.

"शैले गो! हायस का? माझा बिलाऊज झाला काय?"

"झाला काकू. घरी चला, देते," मी म्हटलं आणि पदराने डोळे पुसले.

त्यानंतर चार दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. गोधडीचं अस्तर एका बाजूने उसवलं, तिथे टिचबटणं लावली आणि आत घालायला वेगळी खोळ शिवली. धुवायच्या वेळी खोळ बाहेर काढता यावी म्हणून. खोळीत काय घालायचं यावर आम्ही दोन दिवस घालवले. मी म्हटलं, प्लॅस्टिकच्या पिशव्या घालू, जास्त वाजतात. काकांनी डोळे मोठे केले. "झोपलेल्या माणसाजवळ प्लॅस्टिक? श्वास कोंडला म्हणजे?" मग वर्तमानपत्र बघितलं, ते दोन दिवसांत मऊ पडतं. किराणाचा खाकी कागद बघितला. झेरॉक्सचा कागद बघितला. काका स्टुलावर बसून डोळे मिटून घ्यायचे, मी एकेक कागद हलवायची, आणि ते सांगायचे, "हा नाय. हा बरा. हा पुन्हा वाजवा." शेवटी मिठाईच्या खोक्यात घालतात तो बटर पेपर पसंत पडला. मी तो चौकोन चौकोन करून खोळीत टाचला.

मंगळवारी दुपारी ती पोचवायला मी त्यांच्या घरी गेले. वर्षभरात पहिल्यांदा काकांनी मला आत या म्हटलं. खोलीत खाट, खाटेवर काकू जेवून पडलेल्या. मी गोधडी त्यांच्या अंगावर घातली. त्यांनी एका लाल शिडावर बोट फिरवलं आणि डोळे मिटले. काका खाटेशेजारच्या खुर्चीवर ताठ बसले होते. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं.

"काका, तासभर पडा. मी बसते इथे."

"नको नको. तुम्हाला माहीत नाय. कडी वर हाय. ती उठली की हाताला धरायचं नाय, नुसतं बरोबर चालायचं. कुठं निघालात म्हणून विचारायचं नाय, गाडीला वेळ हाय म्हणायचं. पाणी दिलं तर अर्धाच पेला द्यायचा, आणि गॅसचा खटका..."

गॅसच्या खटक्याचं काय करायचं ते मला अजून माहीत नाही. वाक्य तिथेच राहिलं आणि काकांची मान खुर्चीच्या पाठीवर कलली.

मी जमिनीवर बसून राहिले. बाहेर कुणाच्या तरी अंगणात कावळा ओरडत होता. पाऊण तास गेला असेल. मग कागद वाजला. चांगला मोठ्याने वाजला. मी दचकून काकांकडे बघितलं. ते हलले नाहीत.

काकू उठून बसल्या होत्या. पाय खाली सोडले, उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. मी उठले. हात धरायचा नाही, विचारायचं नाही, हे मनात घोकत मी म्हटलं, "काकू, गाडीला वेळ आहे अजून."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू गो," त्या कुजबुजल्या. "फर्स्ट शिफ्ट करून आलेत ते. पहाटं चारला उठले होते."

मग वळून त्यांनी खाटेवरची गोधडी उचलली, खुर्चीजवळ गेल्या आणि ती काकांच्या अंगावर घातली. आधी पायांवर, मग छातीवर, मग दोन्ही खांद्यांशी नीट खोचली, लहान मुलाला खोचतात तशी. प्रत्येक वेळी आतला कागद करकर वाजत होता, आणि प्रत्येक वेळी काकू त्याच्याकडे रागाने बघून "शूऽ" म्हणत होत्या.

काका उठले नाहीत. मग काकू खाटेच्या कडेवर त्यांच्याकडे तोंड करून बसल्या, आणि मीही बसले.